शेजारच्या खोलीतली लांबची डॉक्टर

दवाखान्यात सगळे त्याला तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे उद्यासाहेब. पंखा बंद पडला? उद्या बघू. नळ गळतोय? उद्या बघू. तसा माणूस वाईट नव्हता. पैसे खात नव्हता, कुणावर ओरडत नव्हता, औषधांचा साठा कधी संपू देत नव्हता. डॉक्टरकी सोडून दवाखान्यातलं बाकी सगळं त्याच्याकडे होतं आणि ते तो जमेल तसं रेटत होता. फक्त नवीन काही आलं की तो बिचकायचा, आणि ते बिचकणं 'उद्या'खाली झाकून ठेवायचा.

त्यात हे दूरच्या तपासणीचं खूळ आलं. म्हणजे पडद्यावर मोठ्या शहरातला डॉक्टर दिसणार, आपला पेशंट इथेच बसून त्याच्याशी बोलणार, आणि तो तिथून औषध सांगणार. वरून सामान आलं, मोठा पडदा, कॅमेरा, माइक, खोक्यांवर खोकी. ते बघून तो म्हणाला होता, "उंटावरून शेळ्या हाकायचे धंदे. हात लावल्याशिवाय कसली आलीय तपासणी?"

वाक्य लोकांना आवडलं. जेवणाच्या सुट्टीत दोन-तीन जणांनी ते परत म्हणून दाखवलं. असं काही झालं की माणसाला वाटतं आपलं मत पक्कं आहे. प्रत्यक्षात त्याला ते यंत्र चालू कसं करतात हेही माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती.

सामान एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत लागलं. मग त्या खोलीत मोडक्या खुर्च्या आल्या. खुर्च्यांवर जुन्या गाद्या आल्या. पडद्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला, तो वाळला, आणि तिथेच राहिला.

आता घोडं कुठे अडलं ते ऐका. मुख्य कचेरीतून एक दिवस फोन आला. सगळ्या दवाखान्यांच्या साहेबलोकांना विचारत होते, दूरच्या तपासणीबद्दल तुम्हाला माहिती आहे का? तो म्हणाला, पूर्ण. वापरता का? नियमित. तुमचं मत काय? अतिशय अनुकूल, काळाची गरज आहे. फोनवर बोलायला काय जातंय. त्याला वाटलं सगळेच असं सांगत असणार. सांगतही असतील. पण ह्याने जरा जास्तच चांगलं सांगितलं. काही दिवसांनी परत फोन. तुमची उत्तरं फार आवडली, तुमची खोली बघायला येतोय, परवा.

त्या दिवशी पहिल्यांदा तो 'उद्या बघू' म्हणाला नाही.

खुर्च्या बाहेर गेल्या, गाद्या गेल्या, टॉवेल गेला. कॉम्प्युटरवाल्याने सगळं पुसून चालू करून दाखवलं. यंत्र झकास चालत होतं. पण पलीकडे बोलणार कोण? मोठ्या इस्पितळाशी जोडून घ्यायचं तर आधी अर्ज करायला लागतो, मग ते वेळ देतात, त्याला आठवडा तरी जातो. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "अर्ज केला होतात ना साहेब?"

तो पुसलेला पडदा परत पुसायला लागला. कॉम्प्युटरवालाही समजूतदार, मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला.

तेव्हा ती युक्ती निघाली. कुणाच्या डोक्यातून निघाली ते सोडा, हो म्हणणारा तोच होता. एक्स-रेची खोली त्या दिवशी बंदच असते. तिथे लॅपटॉप ठेवायचा, मागे पांढरी चादर बांधायची, आणि आपल्याच डॉक्टरबाईंना बसवायचं. इकडच्या पडद्यावर त्या दिसतील. मोठ्या शहरातल्या म्हणून.

डॉक्टरबाई बायकांच्या डॉक्टर. नुकत्याच बदलून आलेल्या, वयाने लहान, बोलायला सरळ. त्या आधी नाहीच म्हणाल्या. त्याने समजावलं की यंत्र चालतं हे दाखवायचंय, आणि यंत्र तर खरंच चालतं, मग त्यात खोटं काय? पाच मिनिटांचं काम. पाहणी गेली की लगेच खरा अर्ज करतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, बायकांच्या तपासणीच्या खोलीला आतून कडी नाही, आल्या दिवसापासून मागतेय, कुणीही दार ढकलून आत येतं, पेशंट कपडे सावरत उठतात. ती कडी आधी लावा.

"लावतो," तो म्हणाला.

"कधी?"

तो उद्या म्हणणार होता. जीभ चावली. "पाहणी झाली की."

डॉक्टरबाई तेवढ्यावर बसायला तयार झाल्या. राहिला पेशंट. खऱ्या पेशंटचा भरवसा नाही, काय बोलेल सांगता येत नाही. वॉचमनला बसवून बघितलं तर तो पडद्यावर स्वतःचं तोंड बघून हसत सुटला. मग त्याला मावशी आठवली.

मावशी त्याच्या आईची धाकटी बहीण. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती स्वतःची तान्ही पोरगी कडेवर घेऊन आली. नवरा आधीच गेलेला. आई पुढे गेली, मावशी राहिली. तिने ह्याला वाढवलं, ह्याचं लग्न लावलं, आता ह्याची पोरं वाढवत होती. तिची पोरगी लांब दिलेली. मावशीची एकच गंमत घरात चालायची, ती कधी धड बसायची नाही. खुर्चीच्या कडेला टेकायची, लगेच उठायची. लग्नाकार्याला यायची नाही, गाडीचा प्रवास नको म्हणायची. "मावशीच्या खुर्चीला काटे आहेत," असं तो पाहुण्यांसमोर म्हणायचा. पाहुणे हसायचे. मावशीही हसायची, उभ्यानेच.

सकाळी चहा घेताना त्याने विषय काढला. खरं सांगितलं नाही. सोंग करायचंय म्हटलं असतं तर मावशीने सरळ नाही म्हटलं असतं, तिला खोटं बोलता येत नाही. म्हणून म्हणाला की मोठ्या शहरातली डॉक्टरीण टीव्हीतून बघणार आहे, तुझे गुडघे दुखतात ना, तेवढं सांग.

मावशीने कप खाली ठेवला. "टीव्हीत बाईच आहे? बाप्या नाही ना?"

"बाई आहे गं."

"तुझ्या ओळखीतली?"

"छे. कुठल्या कुठे असते ती."

"म्हणजे इकडे कधी यायची नाही."

"इकडे कशाला मरायला येईल?"

मावशी जरा वेळ चहाकडे बघत राहिली. मग म्हणाली, येते. त्याला वाटलं, घाबरलीय बिचारी, टीव्हीसमोर बसायचं म्हणून.

पाहणीच्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून आली. केस विंचरलेले, हातात रुमाल. इतकी तयारी बघून त्याला थोडं कसंतरी झालं. पण तेवढ्यात गाडी आली आणि तो धावला.

दोघं आले होते. एक उंच साहेब, ते सगळ्यावर मान डोलवायचे. आणि एक बाई, ज्या कशावरच मान डोलवायच्या नाहीत. त्यांना दवाखान्यात लगेच पाहणीबाई नाव पडलं. त्याने दोघांना खोली दाखवली, पडदा दाखवला, काळाची गरज वगैरे बोलून झालं. मग कॉम्प्युटरवाल्याने दाखवून ठेवलेलं बटण दाबलं. पडद्यावर डॉक्टरबाई आल्या, मागे पांढरं, चेहरा स्वच्छ, आवाज घंटेसारखा. उंच साहेब म्हणाले, काय लाइन आहे हो तुमची, आमच्या कचेरीतसुद्धा इतकी स्वच्छ नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. ते कौतुक त्याला टोचलं.

मावशीने गुडघ्यांचं सांगितलं. डॉक्टरबाईंनी विचारायचं ते विचारलं. ठरलेली पाच मिनिटं होत आली होती, तो पुढे होऊन थँक्यू म्हणणार, तेवढ्यात मावशी रुमाल पिळत म्हणाली, "बाई, मला तुमच्याशी एकटीला बोलायचंय. ह्यांना जरा बाहेर जायला सांगता का?"

ठरलेलं नव्हतं हे.  पण पाहणीबाई तेवढ्यात उठल्यासुद्धा. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर जरा हसू आलं होतं. "अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "चला, बाहेर चला." पडद्यावर डॉक्टरबाई काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. बोलणार तरी काय? आम्ही इथलेच आहोत म्हणून? त्यांनी एकदा कॅमेऱ्याकडे, म्हणजे त्याच्याकडेच बघितलं. त्याने नजर चुकवली आणि दार ओढून घेतलं.

पाहणीवाले दोघं व्हरांड्याच्या टोकाला चहाला गेले. तो नाही गेला. म्हणाला, येतो, इथे थांबतो जरा, आजींना काही लागलं तर.

आता तो उभा होता ती जागा बघा. डावीकडे ह्या खोलीचं दार, उजवीकडे एक्स-रेचं. डाव्या दारातून मावशीचा आवाज येत होता. आणि उजव्या दारातून परत मावशीचाच आवाज येत होता, लॅपटॉपमधून, एक क्षण मागे. त्याला चार पावलं पुढे जाता आलं असतं. त्याने स्वतःला सांगितलं की पाहणीवाले इकडे वळू नयेत म्हणून उभं राहायला पाहिजे. ते खरंही होतं. पण पाय हलले नाहीत त्याचं कारण ते नव्हतं.

मावशी सांगत होती की अंग बाहेर येतं. किती वर्षं झाली. बसलं की दुखतं, उभं राहिलं की ओढल्यासारखं होतं, हाताने आत सारायला लागतं. हल्ली जखम झालीय, कपड्याला लागते. हसताना, खोकताना लघवी होते म्हणून चारचौघांत जात नाही. कुणाला सांगितलं नाही. पोरीला नाही, सुनेला नाही. इथला दवाखाना भाच्याचा, इथे दाखवलं की संध्याकाळपर्यंत घरी कळणार.

डॉक्टरबाईंचा आवाज एकदम बदलला होता. नाटकातला राहिला नव्हता. त्यांनी हळू विचारलं, हे सुरू कधी झालं?

"बाळंतीण होते बाई मी. बहीण अंथरुणाला होती. तिला उचलायला लागायचं, कूस बदलायला, धुवायला. माणूस उचलणं म्हणजे काय असतं तुम्हाला माहीत असेल. तेव्हाच कधीतरी."

बहीण म्हणजे त्याची आई.

त्याच्या डोळ्यासमोर काही मोठं वगैरे आलं नाही. फक्त खुर्चीचे काटे आले. पाहुणे हसतायत, मावशी उभ्याने हसतेय, आणि मग लगबगीने आत जातेय. तो म्हणायचा, बघा, पळाली.

आणि मग डॉक्टरबाई शिंकल्या. एक्स-रेची खोली घाईत झाडलेली, धूळ तशीच होती. शिंक आधी भिंतीतून आली. मग यंत्रातून आली.

डावीकडचा आवाज थांबला.

 मग खुर्ची सरकली, दार उघडलं. मावशी दारात उभी राहिली. तिने त्याच्याकडे बघितलं, तो कुठे उभा आहे ते बघितलं. मग दुसऱ्या दाराला बोटाने नुसतं ढकललं. कडी त्यालाही नव्हतीच. आत पांढऱ्या चादरीपुढे डॉक्टरबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, तोंड पांढरंफटक. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, आता मधे पडदा नव्हता. मावशीने ते दार परत होतं तसं ओढून घेतलं. हळूच. आवाज न करता.

तेवढ्यात पाहणीबाई चहाचा कप घेऊन आल्या. "काय आजी, कसं वाटलं? लांबच्या डॉक्टरशी बोलायला अवघड नाही ना गेलं?"

तो मेल्याहून मेल्यासारखा उभा. आता सगळं संपलं, बोलू दे तिला, बोललेलंच बरं, असंही त्याला एकदा वाटलं.

मावशी म्हणाली, "छान वाटलं. अगदी शेजारच्या खोलीत बसल्यासारखं."

"वा," उंच साहेब म्हणाले, "हे वाक्य लिहून घ्या."

पाहणीवाले खूष होऊन गेले. जाताना पाहणीबाई म्हणाल्या की पुढच्या महिन्यात सगळ्या दवाखान्यांचे साहेब जमणार आहेत, तुम्ही तिथे तुमचा अनुभव सांगा. स्टाफने टाळ्या वाजवल्या. त्याने मावशीला सोडायला गाडी काढली तर ती म्हणाली, मी चालत जाते. आणि गेली. ती कशी चालते हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पाय जरा फाकवून, जपून, ओझं नेणारं माणूस चालतं तसं.

डॉक्टरबाई संध्याकाळी त्याच्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत. त्या तुमच्या मावशी आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणाल्या. त्यांनी मला काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगणार नाही, पेशंटचं असतं ते. पण त्यांना परत आणा, उशीर करू नका.

त्याच्या तोंडून निघून गेलं, "ऑपरेशन लागेल का?"

"कशाचं?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "गुडघ्याचं?"

त्याने टेबलावरचे कागद सरळ करायला घेतले. डॉक्टरबाईंना कळलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "तुम्ही ऐकत होतात," आणि निघून गेल्या.

घरी मावशीने काही म्हणजे काही दाखवलं नाही. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, पोरांचे केस, सुनेशी गप्पा. फक्त त्याच्यासमोर ती आता टेकेनाशीसुद्धा झाली. तो खोलीत आला की ती उभी राहायची. एकदा ती बादली उचलत होती, तो धावत गेला आणि बादली तिच्या हातातून घेतली.

"राहू दे," मावशी म्हणाली. "आत्ताच कसं दिसायला लागलं तुला?"

त्याच्या बायकोने विचारलंही, काय झालंय तुमच्यात? तो म्हणाला, काही नाही. झाकली मूठ. पण ह्या मुठीत मावशीची जखम होती, आणि ती तिथे बरी होणार नव्हती, चिघळणार होती. आणि आता ती कुठल्याच डॉक्टरकडे जाणार नव्हती. जन्मात एकदा धीर करून बोलली, ते असं बाहेर आलं. परत कशाला बोलेल? डॉक्टरबाईंनी दोनदा निरोप पाठवला. मावशी म्हणाली, गुडघे बरे आहेत म्हणावं.

पाहणीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दवाखान्यात जाऊन त्याने दोन गोष्टी केल्या होत्या. सुताराला बोलावून बायकांच्या तपासणीच्या खोलीला आतून कडी लावून घेतली, समोर उभं राहून. आणि मोठ्या इस्पितळाकडे अर्ज केला. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून तिथे फोन लावला. माणसामागून माणूस बदलत शेवटी तिथल्या बायकांच्या मोठ्या डॉक्टर फोनवर आल्या. वयस्कर आवाज. त्याने दवाखान्याचं नाव सांगितलं.

"अरे, तुम्ही आहात होय," त्या म्हणाल्या. "तुमचं सामान लागलं तेव्हापासून, अर्ज आला नव्हता तरी, आम्ही दर गुरुवारी तुमच्यासाठी बसायचो. तुमचा पडदा काळाच असायचा. आम्हाला वाटलं तुमच्याकडे पेशंटच नाहीत. मग बसणं सोडलं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नुसतं सांगत होत्या. त्याने फोन धरलेला हात बदलला. ते काळ्या पडद्यापुढे वाट बघत होते, आणि ह्या बाजूला टॉवेल वाळत होता.

"आता बसाल का?" त्याने विचारलं. "एक पेशंट आहे. खरी."

त्या म्हणाल्या, गुरुवारी बसते.

मग त्याने पाहणीबाईंना फोन केला. हे करायची गरज नव्हती. कुणाला काही कळलं नसतं. पण आपण त्या स्टेजवर उभे राहून मावशीचं ते वाक्य वाचून दाखवतोय, असं त्याला दिसायला लागलं होतं आणि जेवण जात नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. शेजारची खोली, चादर, फोनवरची उत्तरं. मला यंत्र चालू करतासुद्धा येत नाही, हेही. मावशीचं तेवढं सोडून.

 मग पाहणीबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे निदान पेशंट तरी खरी होती. बाकी ठिकाणी तीही नसते." त्या हसल्या नाहीत. भाषण रद्द करते म्हणाल्या, पुढचं वरचे ठरवतील. तो हो म्हणाला. हलकं वगैरे वाटलं नाही त्याला. फक्त एक काम झालं, अवघड होतं ते राहिलंच.

बुधवारी दुपारी बायको आणि पोरं बाहेर गेली होती. मावशी ओट्याशी उभी राहून भाजी निवडत होती. तो दारात जाऊन उभा राहिला. 

मावशीच म्हणाली, पाठमोरी, "किती ऐकलंस?"

"सगळं."

हात थांबले नाहीत. "आईचंही?"

"आईचंही."

"तिला मी कधी कळू दिलं नव्हतं," मावशी म्हणाली. "कळलं असतं तर तिने उचलू दिलं नसतं. आणि मग कोण उचलणार होतं?"

तो म्हणाला, मावशी, माझं चुकलं. हे म्हणायला त्याने आठवडा घालवला होता, आणि ते बोलल्यावर इतकं लहान निघालं की त्याला आणखीच लाज वाटली. खुर्चीच्या काट्यांचं बोलायचं राहूनच गेलं.

मावशी वळली. "चुकलं ते चुकलं. मला वाटलं तू मला दाखवायला नेतोयस. तू तर मला मांडून ठेवलीस. ते लागलं." मग ओल्या हातांनी कपाळ पुसून म्हणाली, "एक खरं सांग. ती लांबची बाई असते का कुठे? की ते सगळं सोंगच?"

"असते. उद्या बसणार आहे." उद्या हा शब्द तोंडातून निघाला आणि तो घाईने म्हणाला, "खरंच उद्या. गुरुवार आहे उद्या."

मावशीच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणता आलं नसतं त्याला. "बरं. पण खोल्या आधी मी बघणार."

आणि तिने बघितल्या. गुरुवारी तो तिच्या मागून किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरत होता आणि मावशी एकेक दार उघडायला लावत होती. एक्स-रेची खोली, त्याच्यामागची अंधारी खोली, सामानाची, नर्सबायांची. कपाटसुद्धा उघडायला लावलं. कपाटात डॉक्टर मावेल का, असं कॉम्प्युटरवाला पुटपुटला. मावशी म्हणाली, "तुमचं काय सांगावं बाबा, तुम्ही बरणीतही बसवाल." स्टाफ बघत होता. सगळ्यांना माहीत होतं ती काय शोधतेय. तो किल्ल्या लावत राहिला. एकेक कुलूप उघडताना त्याचे कान तापत होते, पण त्याने एकदाही 'अगं पुरे' म्हटलं नाही.

मग यंत्र चालू केलं. ह्या वेळी त्याने स्वतः, कॉम्प्युटरवाल्याला विचारत विचारत, सगळ्यांसमोर. पडदा बराच वेळ काळाच होता. मग पांढरे केस दिसले, मग अर्धा चेहरा, मग चेहरा गोठून बसला. आवाज आला तो ओठांच्या मागून, मधेच तुटत. मोठ्या डॉक्टर म्हणत होत्या, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का.

मावशीने निरखून बघितलं. "ही खरी दिसतेय," ती म्हणाली. "अडकतेय."

मग तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो बाहेर आला, दार लावलं. दोन दारांच्या मधे थांबला नाही. व्हरांडा ओलांडला, औषधांची खिडकी ओलांडली, फाटकाशी जाऊन उभा राहिला. वॉचमनने स्टूल पुढे केलं. तो बसला नाही. वॉचमन म्हणाला, साहेब, कुणी यायचंय का? तो म्हणाला, नाही. आतलं काही ऐकू येत नव्हतं. रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्या ऐकू येत होत्या. पुन्हा पुन्हा त्याला वाटत होतं की लाइन तुटली असेल, जाऊन बघावं. तो गेला नाही.

मावशी आली तेव्हा रुमालाची पार गुंडाळी झाली होती. डोळे लाल होते. पण ती त्याच्याजवळ येऊन थांबली, आणि वॉचमनचं स्टूल दिसलं तशी त्याच्या कडेला टेकली. त्याच्यासमोर.

"ती म्हणाली, हात लावून बघायला पाहिजे. नुसतं सांगून नाही भागायचं."

त्याने मान हलवली. हेच तर तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता. पण आता ते स्वतःचं वाक्य परत ऐकताना त्याला कुठे तोंड लपवावं असं झालं.

"म्हणाली, घाबरू नका, ह्याच्यावर इलाज आहे. मी पुढचं बघते, पण आधी तिथल्या डॉक्टरला दाखवा. तुमच्याच दवाखान्यात एक चांगली पोर आलीय म्हणे. मी शिकवलंय तिला." मावशीने रुमाल उलगडला, नीट घडी घातली. "शिंकते का ती, असं विचारणार होते. नाही विचारलं."

ती उठली. तो बरोबर चालायला लागला, तिच्या चालीने, हळू. बायकांच्या तपासणीच्या खोलीपाशी डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या. कुणीतरी आधीच सांगितलं असणार. त्या त्याच्याकडे न बघता मावशीला म्हणाल्या, "आजी, त्या दिवशी मी..."

"असू दे," मावशी म्हणाली. "तू विचारलंस मात्र नीट."

मग ती त्याच्याकडे वळली. "तू जा आता. लांब जा."

दार लागलं. आतून नवी कडी सरकली, अजून घट्ट होती, दोनदा ओढायला लागली. तेवढा आवाज त्याने ऐकला आणि मग तो निघाला, फाटकाच्याही पलीकडे, रस्ता ओलांडून.